लाइन नाही तर गोल्फ कसला?

गोल्फ या खेळाविषयी जेवढं म्हणून चुकीचं समजून घेणं शक्य आहे, तेवढं सगळं एकट्या माणसाने समजून घेतलं असेल, तर ते माझ्या साडूंनी. आणि तरीही त्या खेळाचं सुख अख्ख्या जळगाव-धुळ्यात कोणाला कळलं असेल, तर तेही त्यांनाच. हे दुसरं वाक्य माझी बायको वाचणार म्हणून लिहिलेलं नाही, ते खरं आहे. मी जळगावात चष्म्याचं दुकान चालवतो. समोरच्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे विचारण्यात माझा जन्म गेला. पण साडूंना जे दिसतं, त्याचा नंबर माझ्याकडच्या कुठल्याच भिंगात बसत नाही.

झालं असं, की सुनेच्या बाळंतपणासाठी साडू आणि माझी मेहुणी मुलाकडे स्कॉटलंडला गेले. बाळंतिणीच्या घरात पुरुषमाणसाचा उपयोग काय? मेहुणी त्यांना सकाळचा चहा देऊन घराबाहेर काढी आणि साडू कानटोपी घालून समोरच्या गोल्फच्या मैदानाच्या कडेच्या बाकावर जाऊन बसत. त्या मैदानाच्या मधून एक जुनी रेल्वेलाइन गेलेली होती. गाड्या केव्हाच बंद झालेल्या, रूळही उचललेले, पण भराव मात्र तसाच राखलेला. खेळणारे त्याच्यावरून चेंडू उडवत, पलीकडे हरवला की कपाळाला हात लावत, खडीत अडकला की चार जण भोवती उकिडवे बसून पंचायत भरवत. साडूंना इंग्रजी येत नाही आणि तिथल्या कोणाला आपली बोली येत नाही, त्यामुळे खुलासा करणारं कोणी नव्हतं. त्यांनी स्वतःच्या अकलेने निष्कर्ष काढला, की गोल्फ हा मुळात बंद पडलेल्या रेल्वेलाइनवर खेळायचा खेळ आहे. गवत, झेंडे आणि खड्डे हे आपले तिच्याबरोबर आलेले वऱ्हाडी. आणि हा निष्कर्ष काढल्याबरोबर त्यांचा जीव तिथे लागेना, कारण बंद पडलेली रेल्वेलाइन त्यांच्या घरच्या शेतातच होती.

जळगावजवळच्या असोद्यापासून थोडं आत साडूंची आणि त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे नानांची, केळीची बाग लागून लागून आहे. दोन्हींच्या मधून एक उंच भराव जातो. कधीकाळी एका जिनिंगमधून रुईच्या गाठी नेण्यासाठी तिथे रेल्वेचा फाटा टाकला होता. जिनिंग बंद पडली, रूळ गेले, जमीन परत घराण्याकडे आली आणि भराव उरला. घरातल्या प्रत्येकाने त्या भरावाला शिव्याच दिल्या होत्या. साडू परदेशातून आले, बॅगा ओट्यावर टाकल्या आणि तडक जाऊन त्यांनी भरावापुढे नारळ फोडला. "अरे, ते लोक लाइनीसाठी लाखो खर्च करत असतीन," मला म्हणाले, "आपल्याले बापानं फुकट देऊन ठेवली हाये!"

मग मैदान उभं राहिलं. मुलाने एक काठी दिली होती. बाकीच्या काठ्या गावच्या लोहाराने बाभळीच्या दांड्याला लोखंड ठोकून केल्या. त्या उचलल्या की खेळायच्या आधीच घाम येतो. भरावाच्या दोन्ही बाजूंना पडीक पट्टी होती, तिच्यात खड्डे पाडले. खड्ड्याभोवतीचं मऊ हिरवळीचं वर्तुळ आमच्या उन्हाळ्यात कुठून टिकणार? साडूंनी तिथे खळं केलं. चोपणीने चोपून, शेणाने सारवून, असं गुळगुळीत की चेंडू नुसता बघितला तरी घरंगळतो. पण खळं म्हटलं की खळ्याचे रिवाज आले. खळ्यात चप्पल घालून जायचं नाही, हे आमच्याकडे पोराला चालायला शिकवतानाच शिकवतात. त्यामुळे लांबचे टोले चपला घालून मारायचे आणि खड्ड्याजवळ आलं की अनवाणी व्हायचं. एकदा जळगावचे एक डॉक्टर हौसेने महागडे बूट घालून खेळायला आले. प्रत्येक खड्ड्यापाशी नाड्या सोडायच्या, पुढे बांधायच्या. तिसऱ्या खड्ड्यानंतर त्यांनी बूट गळ्यात अडकवले आणि उरलेला खेळ तसाच पूर्ण केला.

हरवलेल्या चेंडूंचा इतिहास वेगळाच लिहावा लागेल. बहुतेक केळीत जातात आणि घड कापताना सापडतात. एक तर घडात अडकून ट्रकमधून थेट दिल्लीला गेला. तिथल्या व्यापाऱ्याचा फोन आला, "सेठजी, ये घड में अंडा किसका है?" साडूंनी शांतपणे विचारलं, "फुटा तो नहीं ना?" मुलाच्या मित्राने एकदा त्यांना पुण्याकडच्या एका बड्या गोल्फ क्लबात नेलं. तळी, पूल, मखमलीसारखं गवत, सगळं साडूंनी कौतुकाने पाहिलं आणि शेवटी मॅनेजरला विचारलं, "लाइन कुठी हाये?" मॅनेजर म्हणाला, इथे कधीच रेल्वे नव्हती. साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होईन हळूहळू. पैसे कमी पडले असतीन."

या सगळ्याकडे नाना कसे बघत असतील, ते सांगायला नको. नाना म्हणजे हाडाचा शेतकरी. वडील लवकर गेले, तेव्हा साडूंना त्यांनीच वाढवलं. त्यामुळे साडू साठीला टेकले तरी नानांसमोर त्यांचा आवाज शाळकरीच राहतो. भरावाची जमीन नानांच्या वाट्याची. परक्या मुलखातून आलेल्या खेळासाठी ती वाया जाते, हे त्यांना खुपत होतं. एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, "बापू, लय झालं. भराव सपाट करतो आन् केळी लावतो." साडूंनी "हो नाना" म्हटलं. दुसरं काही म्हणायची त्यांची ताकद नव्हती. त्या आठवड्यात ते माझ्या दुकानात येऊन बसले, डोळे तपासून घेतले, आणि मी नंबर तसाच आहे म्हटल्यावर म्हणाले, "मंग अंधुक काहून दिसू राह्यलं?" मला त्यांचं तोंड बघवेना.

जेसीबी आला त्या दिवशी साडूंनी एकच हट्ट धरला: आधी भरीत. पाहुण्या ड्रायव्हरला उपाशीपोटी कामाला लावणं बरं दिसत नाही. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, हिरव्या मिरच्या आणि कांद्याची पात पडली, पुऱ्या तळल्या गेल्या. आमच्याकडचं भरीत खाऊन माणूस ताबडतोब कामाला लागल्याचं उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही. ड्रायव्हर निंबाखाली आडवा झाला तो घोरायलाच लागला. साडू त्याच्या अंगावर माशी बसू देत नव्हते. नाना संतापले. "तुमी झोपा सगळे," म्हणत त्यांनी चुन्याच्या फक्कीची पाटी उचलली आणि कुठून खणायचं त्याची खूण करायला स्वतः भरावावर चढले.

चढले आणि थांबले. आम्ही खालून बघत होतो. केळीच्या बागेत आयुष्य काढलेल्या माणसाला बाग कधी दिसत नाही. त्याला दिसतं ते खाली पाणी आणि डोक्यावर पान. भरावावर चढायचं नानांना कधी कामच पडलं नव्हतं. आज त्यांना आपली बाग पहिल्यांदा वरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाऱ्यावर हलताना दिसली. वरून आवाज आला, "बापू, अठून तं सारी बाग दिसते रे." साडूंनी खालून "हो नाना" म्हटलं. "मंग सांगितलं काहून नही इतके दिवस?" आणि लगेच, "खाट पाठव वर," नाना म्हणाले.

ड्रायव्हर जागा झाला, तेव्हा नाना वर खाटेवर झोपलेले होते. आलाच आहे तर म्हणून साडूंनी त्याच्याकडून एक नवीन खड्डा खणून घेतला. तो एवढा मोठा झाला, की त्यात आजवर चेंडू दोनदा आणि शेळी चारदा पडली आहे.

तेव्हापासून भरावावर नानांची खाट कायमची पडली. स्कॉटलंडमध्येही लाइनीवर अशी अडचण नसेल, याचा साडूंना अभिमान. चेंडू बरोबर खाटेखाली जाई, माझा तर हटकून. मग नियम निघाला: नानांना उठवायचं नाही, ते आपणहून उठतील तेव्हा चेंडू काढायचा. आम्ही शेजारी मांडी घालून वाट बघायचो. नाना कूस बदलत सगळं ऐकत असायचे आणि मुद्दाम उठायचे नाहीत. त्या संध्याकाळी फार सुखाच्या होत्या, हे मी आज मोकळेपणाने कबूल करतो.

यंदा नानांचे गुडघे पार गेले. त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला, तिसऱ्या मजल्यावर. परवा खेळताना माझा चेंडू पुन्हा रिकाम्या खाटेखाली गेला. मी काढायला ओणवा झालो, तर साडूंनी हात धरला आणि खिशातून फोन काढून व्हिडिओ कॉल लावला. "नाना, चेंडू तुमच्या खाटेखाले गेला. उठता का जरा?"

"कोनाचा हाये?"

"साडूभाऊंचा."

"त्येले दुसरीकडे मारताच येत नही का?" मग तिकडे सोफा करकरला, सुनेचा आवाज आला, "अहो नाना, कुठे उठताय, पडाल ना!" आणि धापा टाकत नाना म्हणाले, "हं. उठलो. काढा."

मी चेंडू काढला. साडू म्हणाले, "बसा आता, नाना."

"थांब. उभाच हाये तं बाग दाखव."

साडूंनी फोन फिरवला, हात जमेल तेवढा उंच केला आणि बागेवरून सावकाश नेऊ लागले. साडूंचा हात भरून आला, तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. मीही चेंडू मुठीत धरून तसाच ओणवा राहिलो, कारण सरळ झालो असतो तर माझं डोकं मधे आलं असतं.