घासलेली रेघ

प्रयोगशाळेच्या खिडकीशी बसून मी अमोनाइटवर पाण्याचा थेंब सोडते. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, क्रिटेशस काळातल्या समुद्रातला हा वेटोळ्या शंखाचा जीव आता दगड झाला आहे. ओला झाला की त्याच्या अंगावर नागमोडी रेघा उमटतात. आतले पडदे शंखाच्या भिंतीला जिथे जोडलेले होते, तिथल्या या रेघा. त्यांच्या नक्षीवरूनच प्रजाती ओळखायची.

काल ती नक्षी स्पष्ट दिसावी म्हणून मी दगड पॉलिश पेपरने घासत होते. मॅडमनी माझा हात धरला. "अगं बाई, थांब! जास्त घासलंस की बारीक नक्षी जाते, रेघ साधी होते. मग हा भलत्याच प्रजातीचा वाटेल. आणि गेलेलं परत येत नाही."

तेव्हापासून मला भीती वाटते आहे, आणि ती फक्त दगडाची नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. इथे कुणी हसू नये म्हणून मी माझं बोलणं रोज थोडं थोडं घासत आले. रविवारी फोनवर आई म्हणाली, "कोन बोलतंया? आमची सुमी हाय न्हवं?" चेष्टाच असेल. मीही हसले.

दगड वाळतो, रेघा पुसट होतात. मी घाईने पुन्हा थेंब सोडते. नक्षी अजून आहे. मग बाहेर जाऊन घरी फोन लावते.

"आये, मी सुमी बोलतीया," मी म्हणते.

पण एवढं म्हणायलाही मला आधी आठवावं लागलं.