तळमजला, तलावाकडची खिडकी

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, जळगावात मेहरूण तलावाजवळच्या एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर. मी तिथेच उभी होते.

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. आम्ही भाड्याने राहतो ते घर तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथली लिफ्ट आम्ही आलो तेव्हापासून बंद. दवाखाना सोडला तर आई खाली उतरतच नाही. भाजीसुद्धा बाल्कनीतून दोरीला पिशवी बांधून घेते, आणि भाजीवाला देईल ती वांगी मुकाट्याने ठेवून घेते. तिला फक्त तळमजल्याचं घर हवं होतं. दार उघडलं की रस्ता, एवढंच.

जळगाव शांत आहे असं बाहेरून आलेले लोक कौतुकाने सांगतात. शांत आहेच. तलावाकाठी सकाळी माणसं फिरतात, पाण्यावर बगळे बसतात. त्या शांत भागात घर मागायला जाऊन बघा. आम्ही बौद्ध आहोत. मी हे दारातच सांगून टाकायचे. मोर्च्यांची पत्रकं लिहून लिहून सवयच लागलीय, मुद्दा पहिल्या ओळीत. मग घरमालकाला आठवायचं की पुण्याचा पुतण्या परत येतोय. एकेकाला पुतणे तरी किती!

म्हणून या खेपेला आईने मला दम दिला, "तू तोंड उघाडू नको. मी बोलसू." आमचं आडनाव कुठल्याही समाजात सापडतं, त्यामुळे एजंटनेही काही विचारलं नव्हतं. आई जिना बसून बसून उतरली, एकेक पायरी, लहान मुलासारखी. रिक्षात बसल्यावर तिने साडी झटकली आणि मला म्हणाली, नीट दिसते ना.

घरमालकीण सत्तरीची, वरच्या मजल्यावर एकटी राहणारी. फ्लॅट दाखवताना ती पुस्तकी मराठीत बोलत होती. आईही तशीच, जपून जपून. मग स्वयंपाकघरात नळ सोडताना आईच्या तोंडून निसटलं, पाणी चांगलं शे. ती बाई गर्रकन वळली.

"अव माय, तुम्ही ते आमनाकडला शेतस!"

दोघी शिरपूरकडच्या निघाल्या, गावंही जवळजवळची. जळगावात आमची अहिराणी ऐकून लोक हसतात. आईला कित्येक दिवसांनी तिच्या भाषेत उत्तर देणारं कोणी भेटलं होतं. मग काय विचारता. आखाजीला माहेरी बांधलेले झोके, खापरावरच्या पोळ्या, कोणाची सासू किती खाष्ट, सगळं निघालं. बाई म्हणाली, वर मांडे आहेत, खाऊनच जा. आईने तलावाकडच्या खिडकीचे गज धरले होते आणि खुर्ची कुठे टाकायची ते मला डोळ्यांनी दाखवत होती. मला वाटलं, झालं काम. कोणावर विश्वास न ठेवणाऱ्या मलासुद्धा.

मग बाईने सहज विचारलं, "गावमा घर कठे शे तुमनं? पाटीलवाडाकडे का?"

"नही अक्का," आई हसतच म्हणाली, "विहारना जोडे." जोडे म्हणजे जवळ.

बाई रागावली नाही. तोंडही वाकडं केलं नाही. बोलण्याच्या नादात सुरूच राहिलेला नळ बंद केला, आणि पुन्हा पुस्तकी मराठीत म्हणाली, "मुलाला विचारून सांगते हं. त्याचं काय आहे, तो नाशिकला असतो." मांड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. आईने गज सोडले.

संध्याकाळी एजंटचा फोन आला, मुलगा नको म्हणतोय. मी तक्रार लिहायला बसले. काय लिहू? बाईने शिवी दिली नाही, जात विचारली नाही, हाकललं नाही. ती बोलायची थांबली, एवढंच. आईने विचारलं, "ती काय वाईट बोलनी का?" मी कागद मिटला. माझ्या एकाही पत्रकात याच्यासाठी वाक्य नाही. घोषणा तर नाहीच.

ती बाई दुष्ट असती तर मला बरं वाटलं असतं. तिला आई आवडली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आवडूनही नको. कायदा सांगू? मोर्चा काढू, तिच्या खिडकीखाली?

आई आता घर बघायला चल म्हटलं की गुडघ्यांचं कारण सांगते. परवा शेजारणीने गाव विचारलं, तर धुळे म्हणाली आणि दार लावून घेतलं. माझ्याशीही शहरी मराठीत बोलते. खालून भाजीवाला ओरडतो, ती दोरी सोडते. आई याच मजल्यावर मरेल, असं मला आता स्पष्ट दिसतं, आणि मी नुसती बघते आहे.

तुमची हळहळ मला नकोय, ती पुष्कळ गोळा झालीय. तुमचा तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा असेल, तर येईल त्या बाईशी करार करा, किल्ली तिच्या हातात द्या. गाव त्यानंतर विचारा. आणि तुमच्या सोसायटीत कोणी आधी विचारत असेल, तर तिथेच, सगळ्यांसमोर त्याला थांबवा. या आठवड्यात.