बाबांच्या गळ्यावरचा चुना

मित्रमैत्रिणींनो, देवरीच्या दवाखान्यात रांगेत बसून हे लिहितेय.

सकाळी लग्नाला निघायची घाई होती. बाबांनी साबण न लावताच, जुन्या बोथट ब्लेडनं उलटसुलट दाढी केली. गळाभर लाल पुरळ उठलं, आग होऊ लागली. आमच्याकडे गांधीलमाशी चावली की चुना लावतात. बाबांनी तोच उपाय केला. तंबाखूच्या डबीतला चुना गळ्याला चोळला.

मी पाहिलं तेव्हा कातडी सोलल्यासारखी दिसत होती. बाबांना शुगर आहे. त्यांची साधी जखमही लवकर भरत नाही. मी त्यांना ओढतच नळाखाली नेलं.

"काऊन रडून राहिली वं? चुरचुरते म्हणजे औषध लागून राहिलं."

"बाबा, चुन्यानं कातडी जळते!"

"मंग आधी काऊन नाही सांगितलं? शिकली तं तू!"

बराच वेळ पाणी ओतलं, गार ओलं फडकं ठेवलं. आग कमी झाली, पण एका जागी फोड आलाय. नर्सताई म्हणाल्या, "कोमट पाण्यानं भिजवून, फेस करून, नव्या ब्लेडनं केसांच्या दिशेनं दाढी करायची. आणि पुरळ उठलं तर फक्त गार पाणी." फोडाचं डॉक्टर सांगतील. त्याचीच भीती वाटतेय.

बीएस्सीला चुन्याचा धडा मी घरात मोठ्यानं वाचून पाठ केला. बाबा शेजारीच बसायचे. मी तो पेपरात लिहिला, त्यांना कधी समजावला नाही.

तुम्ही शिकलेलं घरी कोणाला सांगता का?