हिरव्या डोक्याचं हळदी-कुंकू

दुर्बिणीची चामडी पेटी उघडली की अजून नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीतल्या गाळाचा वास येतो. त्या सकाळी पक्षीगणनेत चोचीवरचा पिवळा-लाल रंग बघून मी ‘हळदी-कुंकू बदक’ लिहून मोकळा झालो होतो. तेवढ्यात ते उन्हात वळलं आणि डोकं हिरवंगार चमकलं, थेट हिमालयापलीकडून येणाऱ्या नीलशीर बदकासारखं! शेजारी उभे असलेले गावातले वाटाडे दगूकाका कुजबुजले, “सर, आई हितलीच हाय. बाप लय लांबून आल्याला दिसतो.”

वहीतल्या गणनेच्या तक्त्यात अशा दोन जातींच्या लेकराला रकानाच नव्हता. मी लिहिलेलं नाव खोडलं.

तेव्हा त्या खाडाखोडीची लाज वाटली होती. आता वही उघडली की आधी तेच पान शोधतो.