म्हाताऱ्याला पाडलं कोणी

मुलांना गोष्ट लिहायला शिकवायची म्हणजे आधी त्यांना खोटं बोलायची मुभा द्यावी लागते, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. खोटं बोलायला मुलं एका पायावर तयार असतात. त्यांचं घोडं अडतं ते दुसरीकडेच.

मी मुरबाड तालुक्यात, धसईच्या बाजूच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. नव्या शिक्षिकांना मुलं मॅडम म्हणतात, मला अजून बाई म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. परीक्षेत कथालेखनाचा प्रश्न असतो. मुद्दे दिलेले असतात. मुलं प्रत्येक मुद्द्याला एक क्रियापद जोडतात, खाली तात्पर्य लिहितात आणि मोकळी होतात. मार्कांपुरतं ते ठीक आहे. पण आठवड्यातून एक तास मी नववीला मुद्द्यांशिवाय लिहायला लावते. माणूस आपण शोधायचा, त्याचं काय होतं तेही आपणच ठरवायचं. आमचे हेडसर याला 'बाईंचा टाइमपास' म्हणतात. म्हणू देत.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी फळ्यावर लिहिलं, 'तुमच्या गोष्टीतल्या माणसावर एक संकट आणा.' सगळ्या वर्गाने पेनं खाली ठेवली. मला वाटलं, कळलं नसेल. दोन-चार उदाहरणं दिली. तरी कोणी हालेना. शेवटी मागच्या बाकावरचा एकजण उठला आणि मलाच समजावल्यासारखा म्हणाला, "बाई, वाईट लिवू नाय. वास्तू तथास्तु बोलते."

बाकीच्यांनी माना हलवल्या. आपण वाईट बोललो की घर ते ऐकतं आणि तसंच होवो म्हणतं, हे त्यांना पाढ्यांच्या आधीपासून ठाऊक होतं.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. म्हटलं, गावात बोहाडा होतो, मुखवटे घालून राक्षस नाचतात, म्हणून दुसऱ्या दिवशी शिवारात राक्षस हिंडतात का? आणि राक्षसच नसता तर तुम्ही डोळे फाडून बघत बसला असतात का? शिवाय ही सरकारी अनुदानावरची वास्तू आहे, ती अर्ज केल्याशिवाय कशालाच तथास्तु म्हणत नाही. यावर मुलं हसली. हसली की मुलं ऐकतात. सगळ्यांनी आपापल्या माणसांवर संकटं आणायला घेतली, आणि तासाभरात माझ्या वर्गात तीन पूर, दोन बिबटे आणि एक बसचा अपघात झाला.

खिडकीजवळच्या एका मुलीचा कागद मात्र वेगळा होता. वर्गात तिचा आवाज क्वचितच ऐकू यायचा. घरी आई, कंपनीत जाणारे वडील आणि आजा, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं. तिने लिहिलं होतं, 'एक म्हातारा होता. त्याला वाटायचं, आपल्याशिवाय गावात कोणाला पेंढा नीट रचता येत नाही.' मुलगा नको म्हणत असताना हा म्हातारा पेंढ्याच्या उडवीवर चढतो, वरून सगळ्यांच्या चुका काढत राहतो आणि चुका काढता काढता खाली पडतो. लोक धावत येतात. तेवढ्यात घंटा झाली होती, म्हणून गोष्ट तिथेच थांबली होती.

मी ती वर्गात वाचून दाखवली. पोरं हसत होती, आणि म्हातारा पडल्यावर एकदम चिडीचूप झाली. इतक्या वर्षांत वर्गातला असा शांतपणा मला फार थोड्या वेळा मिळाला आहे. पुढचं पुढच्या तासाला लिही, असं मी तिला सांगितलं. ती खाली मान घालून हसली होती.

पुढच्या तासाला ती आलीच नाही. तिच्या वाडीतल्या मुलीने सांगितलं, तिचा आजा पडला. गोठ्यात शेणावरून पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं. मुरबाडला दाखवलं, मग कल्याणला. वय आणि काळजाचं दुखणं बघून डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं, घरी आणून खाटेवर ठेवलं होतं.

ती शाळेत परत आली, पण लिहायच्या तासाला पेनाचं टोपण काढेना. शुद्धलेखन लिहायची, प्रश्नोत्तरं लिहायची. गोष्ट लिहा म्हटलं की हात मांडीवर. पहिल्यांदा मी सोडून दिलं, मग चिडले, मग चिडल्याबद्दल स्वतःवर चिडले. एका मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ ती एकटी सापडली. काय झालं गं, असं विचारलं तर कितीतरी वेळ तिने नुसता नळ चालू-बंद केला.

मग म्हणाली, "बाई, मी लिवलं म्हणून पडला आजा."

घरी तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. आजाला दुखायला लागलं आणि तो विव्हळला की ती उठून मागच्या दारी जाऊन बसायची. चौदा-पंधरा वर्षांची पोर एवढं ओझं एकटी घेऊन चार किलोमीटर चालत शाळेत येत होती, आणि मी तिला पेन उघड म्हणून दटावत होते. मला फार वाईट वाटलं.

मी माझी सगळी अक्कल पणाला लावली. तुझा म्हातारा उडवीवरून पडला, आजा गोठ्यात पडला, दोन्ही वेगळं. तर म्हणाली, "पडला ना पन." मी म्हटलं, लिहिलेलं खरं होत असतं तर दर वर्षी प्रगतिपुस्तकावर 'अभ्यास वाढवावा' लिहिते, कोणी वाढवला का? एरवी हसली असती. मी म्हटलं, म्हातारी माणसं पडतातच. ती म्हणाली, "तो म्हातारा म्हंजे आजाच होता, बाई. मला माहीत होतं लिवताना."

तिला समजावता येईना, याचं एक कारण घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी शहापूर तालुक्यातली, भातसानगरच्या वसाहतीत वाढले. वडील धरणावर नोकरीला होते, घरात विज्ञानाची पुस्तकं होती. तरी आईने आम्हाला बांगडी फुटली म्हणू दिलं नाही, वाढली म्हणायचं. आणि मी बीएड झालेली बाई, आजही घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते. दुसऱ्या दिवशी निघताना मुद्दाम 'जाते' म्हणून बघायचं ठरवलं, ते तोंडातून निघेना. मग त्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगणार, की शब्दांनी काही होत नसतं?

रविवारी मी टमटमने तिच्या वाडीवर गेले. आजा ओटीवर खाटेवर होता. बोलका माणूस. मला बघून त्याने सुनेला चहा टाकायला लावला, मग पुढच्या अंगणातल्या उडवीकडे हात करून म्हणाला, बघा बाई, यंदा कशी रचलीय, एका अंगाला कललीय. गोष्टीतला म्हातारा इतका हुबेहूब होता, की मी चहाचा कप तोंडाला लावून हसू लपवलं. नातीची गोष्ट त्याला सांगावी असं फार वाटलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिचे डोळे मला नको म्हणत होते. मी चहा संपवून उठले.

निघताना ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. टमटम येत नव्हती, माझ्याजवळचं शहाणपण संपलं होतं. मी म्हणून गेले, "तू पाडलास म्हणतेस ना? मग तूच उठव. गोष्ट अर्धी पडलीय तुझी."

बोलले आणि जीभ चावली. इतके दिवस जिला लिहून काही होत नाही म्हणून सांगत होते, तिला आता लिहून आजाला बरा कर म्हणत होते. पण टमटम आली, आणि ती माझ्याकडे बघत होती ती एकदम ताठ उभी राहून.

त्या आठवड्यापासून ती लिहायला लागली, आणि कशी! म्हातारा कुशीवर वळला. बसला. भिंत धरून उभा राहिला, सुनेने दिलेली काठी त्याने फेकून दिली. मग तो पौषात म्हसा गावच्या जत्रेला निघाला. जत्रेत त्याने बैलांच्या बाजारात एक खोंड पसंत केला, त्याचे दात बघितले, शेपटी बघितली, घासाघीस करून मालकाला रडकुंडीला आणलं आणि शेवटी न घेता पुढे गेला, कारण घ्यायचाच नव्हता. मी वाचताना मोठ्याने हसायचे. पण तिच्या घरची खबरही मला मिळत होती. आजाचे पाय वाळत चालले होते. पाठीला जखमा झाल्या होत्या. कुशीवरसुद्धा दोघांनी मिळून वळवावं लागत होतं.

जत्रा आली. त्या दिवसांत आमची शाळा निम्मी रिकामी असते. मी हजेरी घेताना तिच्या नावाशी थांबायचे. जत्रेपर्यंत आजा उठेल असं तिने मनाशी धरलं होतं, हे मला न सांगता कळत होतं. तो उठला नाही की ही पोर माझ्याकडे पुन्हा बघणार नाही, आणि ते बरोबरच होईल, असं मला वाटत होतं. त्या दिवसांत मला जेवण गेलं नाही.

जत्रा उलगून शाळा पुन्हा भरल्यावर ती शिक्षक-खोलीच्या दारात आली. हातात गोष्टीचे कागद होते. मी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"बाई, मी सगळं लिवलं," ती म्हणाली. "चालवला त्याला. जत्रेत नेला. नाय उठला तो."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तिने हातातले कागद सारखे केले. मग एकेक शब्द जपून टाकत म्हणाली, "म्हंजे मी पाडला पन नव्हता."

आणि तिथेच, व्हरांड्यात, ती रडली. आजा पडल्यापासून पहिल्यांदा, असं तिच्या आईने मला नंतर सांगितलं. मीही रडले. आजा आता उठणार नाही याचं रडू होतं, आणि पोरगी सुटली याचा आनंद होता. शिपाई घंटा द्यायला आला, आम्हाला बघून त्याने घंटा थोडी उशिराच दिली.

डोळे पुसून तिने विचारलं, ही गोष्ट आता आजाला वाचून दाखवली तर चालेल का. पडण्यासकट सगळी. चालेल म्हटलं.

सोमवारी तिने आपणहून सांगितलं. रविवारी खाटेजवळ बसून वाचली. पडण्याच्या जागी ती वाचता वाचता थांबली, तर आजाच म्हणाला, वाच, वाच, पुढे वाच. खोंडाच्या घासाघिशीला तो इतका हसला, की आईला त्याच्या पाठीला हात लावावा लागला. शेवटी म्हातारा जत्रेहून घरी येतो आणि ओटीवर टेकतो, तिथे तिने कागद खाली ठेवले.

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"बोलला, एवढ्यात घरी कशाला आणलास गो त्याला. फिरू दे अजून."