झोक्यावरून न पडलेली पोर

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. आमचे हे गेले, त्यांनाही नाही. हसू आलं तर हसा – तेव्हाची मी होतेच तशी.

सासरी, चोपड्यातल्या आख्ख्या गल्लीच्या भानगडी मला तोंडपाठ, आणि स्वतःची? पोटात! माझी लेक मंदा रांगत होती तेव्हा माहेरी, एरंडोलला, मला टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, लेकरूही दाखवा. दाखवलं? छे! सासरी कळलं तर कायमची माहेरी धाडतील ना. गोळ्या सुरू केल्या, खोकला थांबताच सोडल्या. शहाणी! तो परत आला, तर म्हणायचे, मिरचीचा ठसका. वर्षभर जणू मिरच्याच कांडत होते.

पुढे मंदा पाच वर्षांची झाली आणि लंगडू लागली. मला दिसत होतं – आणि मी बघत नव्हते. तेवढ्यात आखाजी, आमची अक्षय्य तृतीया, आली. माझी नणंद सुशी माहेरपणाला आलेली. नणंद कसली, मैत्रीणच. तिने मंदाला झोका दिला. पोर उतरली, लंगडत आली. सासूबाईंनी विचारलं, काय झालं गं? आणि मी – किती पटकन म्हणाले – "सुशीताईंनी जोरात झोका दिला, पडली."

मग काय, पावसाळाभर तेल चोळणं. पोर झोपेत कळवळायची. शेवटी धुळ्याला नेलं. खुब्यातलं पाणी सुईने काढून तपासलं – हाडाचा टीबी. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला खोकला होता का? मी मान हलवली. नाही. सासूबाई म्हणाल्या, पडली म्हणूनच दुखणं धरलं.

या वेळी गोळी एकही चुकवली नाही. तिच्याबरोबर माझाही कोर्स गुपचूप पुरा केला. मंदा बरी झाली. पाय मात्र आखूडच राहिला.

पुढच्या आखाजीला सांजोऱ्या तळताना सुशी हळूच म्हणाली, "वहिनी, पोर पडनीच नही ना!" मी झारा हलवत राहिले. त्यानंतर ती आखाजीला आली नाही. कधीच.

आता मंदाचे केस पिकले. शिरपूरहून येते, नातीला झोक्यावर बसू देत नाही – "मला सुशीआत्याने पाडलं होतं." मी ऐकते. सगळ्या गेल्या की या वयात स्वतःच झोक्यावर बसते, जमिनीला पाय रेटते. झोका काही चढत नाही. सुशी यायची त्या गल्लीच्या वळणाकडे बघत राहते.

मंदा पडली नव्हती. आजार माझ्याकडून गेला. सुशीने झोका हळूच दिला होता – मलाही ती तसाच द्यायची, तिचा हात माझ्या पाठीला अजून आठवतो.