विहिरीत सोडलेलं कासव

परवा कपाट आवरताना जुनी काडेपेटी हाती लागली. आत हिरव्या सोनकिड्याचे दोन वाळके पंख होते. सोनगीरच्या आमच्या घरामागे, बाभळीखाली मी असे किडे वेचायचे. तिथेच एका दुपारी पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव दिसलं. शेजारच्या आबांनी ते लगेच उचललं. विहिरीत कासव असलं की पाणी शुद्ध राहतं, म्हणून त्यांच्या बायकोने, अक्कांनी, त्याला हळदकुंकूही वाहिलं. त्याचे पाय खुंटासारखे जाड होते, बोटांमध्ये पडदा नव्हता. अशी कासवं जमिनीवरची असतात, हे मी वाचलं होतं. “आबा, हे बुडेल,” मी कशीबशी म्हणाले. “कासव शे ते, पोरी, पानीमाच राही! इंग्रजी शाळामा हाईच शिकाडतस का?” जमलेले सगळे हसले. माझी मान खाली गेली. बादलीतून ते विहिरीत उतरलं आणि दगडांवर नखं खरडल्याचा आवाज वर येऊ लागला. “देख, कसं खेळी राह्यनं!” आबा कौतुकाने म्हणाले. सगळे गेल्यावरही तो आवाज येतच होता. दोर-बादली काठावरच होती, पण कुणी पाहिलं तर पुन्हा हसेल, म्हणून मी घरी निघून आले. सकाळी कासव उलटं तरंगत होतं. नजर लागली, असं आबा म्हणाले, आणि मीही मान डोलावली. काडेपेटी हलवली की आत पंख खरडतात. ती टाकवतही नाही, ठेववतही नाही.